फणसाच्या तांब्यातलं पहिलं पाणी

"म्हणजे तुम्ही आत बघणारच नाही?"

निशिकांतच्या एका हातात फणसाच्या लाकडाचा कातीव तांब्या होता, दुसऱ्या हातात बॅटरी. तांब्याचं तोंड इतकं अरुंद, की दोन बोटं आत जाईनात. त्यासाठी तो दातांच्या डॉक्टरांकडून छोटा आरसाही मागून घेऊन आला होता.

"बघून काय करू?" आबा मेस्त्री म्हणाले.

"काचेसारखं झालंय, आबा. मानेखालच्या वळणात फडकं पोचत नाही ना, तिथंसुद्धा तेल सारखं बसलंय. एकदा बघा तर खरं."

मेस्त्रींनी तांब्या घेतला. बाहेरून हात फिरवला. मग तोंडाशी नाक नेलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं...

"लवकर वाळलं."

"तेच तर सांगतोय."

निशिकांत अकरा वर्षं रंगाच्या कारखान्यात रसायनांचं काम करत होता. ते सोडून तो मेस्त्रींकडे लाकडी भांडी कातायला शिकायला आला, त्याला तीन वर्षं झाली होती. भांडं पसंत पडलं की मेस्त्री करणाऱ्याला त्या भांड्याच्या बुडावर स्वतःच्या खुणेची रेघ ओढायला सांगत. निशिकांतला त्यांनी अजून एकदाही सांगितलं नव्हतं.

आज सांगतील, अशी त्याची खात्री होती. तांब्या मठातल्या वृद्ध स्वामींच्या पिण्याच्या पाण्यासाठी होता. न्यायला माणूस दुपारी यायचा होता.

"तेलाचे तिन्ही हात झाले?"

"तिन्ही."

मेस्त्रींची पद्धत ठरलेली होती. कोमट जवसाचं तेल आत ओतायचं, तांब्या घोळवायचा, उरलेलं तेल काढून घ्यायचं आणि तांब्या खुंटीवर पालथा ठेवायचा. आठ दिवसांनी दुसरा हात. आणखी आठ दिवसांनी तिसरा.

"मागच्या शनिवारी तर तू हा पोखरत होतास."

निशिकांत हसला. याच प्रश्नाची तो सकाळपासून वाट पाहत होता.

"एक युक्ती केली. चोवीस दिवसांचं काम पाच दिवसांत. आधी रेघेचं बोला, मग सांगतो."

"युक्ती तुझ्यापाशीच ठेव."

मेस्त्री उठले. माठातलं पाणी त्यांनी तांब्यात भरलं आणि घटकाभर तो समोर ठेवून बसून राहिले. मग तो निशिकांतपुढे सरकवला.

"पी."

करणाऱ्यानं पहिलं पाणी प्यायचं, ही तिथली रीत. आनंदाच्या भरात निशिकांत ती साफ विसरला होता.

त्यानं तांब्या उचलला. ओठांपर्यंत नेला...

"थोडे दिवस गेले की मग काही होत नाही," तो म्हणाला.

"स्वामी दुपारी पिणार आहेत."

"प्रमाण अगदीच कमी आहे, आबा. दोन थेंब."

"मग पी की. कारखान्यात पाणी प्यायला शिकवत नव्हते?"

निशिकांतनं तांब्या ओठांपासून खाली घेतला.

"राहू दे. तुला तहान नसेल. मला आहे."

मेस्त्रींनी त्याच्या हातातून तांब्या काढून घेतला, मान मागे टाकली आणि तांब्या तोंडावर कलता केला.

निशिकांतनं झडप घातली. पाणी म्हाताऱ्याच्या छातीवर सांडलं. तांब्या लाकूड कातायच्या चरकाच्या लोखंडावर आपटला. लाकडाला गळ्यापासून पोटापर्यंत चीर गेली.



"तेल लवकर वाळवायचं औषध घातलं होतं मी," निशिकांत म्हणाला. "बाटलीवर लिहिलं होतं, पोटात जाऊ देऊ नका. मी वाचलं होतं."

मेस्त्री उपरण्यानं छाती पुसत होते.

"मठाचा माणूस आला की त्याला काय सांगायचं?"

"हेच सांगेन. आणि चोवीस दिवसांनी या म्हणेन."

त्यानं चिरलेला तांब्या उचलला आणि कोपऱ्यातल्या सरपणाच्या ढिगाकडे निघाला.

"कुठं नेतोस?"

"चुलीत घालायला."

"इकडे आण."

मेस्त्रींनी तांब्या मांडीवर घेतला. चिरेवरून एकदा अंगठा फिरवला. मग तो पालथा केला आणि शेजारची धारदार पटाशी निशिकांतच्या हातात दिली.

"याच्यावर?" निशिकांतनं विचारलं. त्यानं टेकवलेलं टोक बुडावर ठरेना.

"हात स्थिर होऊ दे," मेस्त्री म्हणाले. "मग ओढ रेघ."