न दिसणारे स्क्रू

“बघा बुवा, नीट बघा. एक तरी स्क्रू दिसतोय का?”

तात्याबुवांनी चष्मा कपाळावर चढवला आणि नाक जवळजवळ भिंतीला टेकवलं.

“नाही बाबा.”

“हात फिरवून बघा.”

त्यांनी हात फिरवला. मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा, सावकाश.

“हाताला पण लागत नाही.”

दौलतनं बॅटरी पेटवून भिंतीला अगदी चिकटून आडवी धरली. अशा उजेडात केसाएवढा उंचवटाही लपत नाही, लगेच सावली टाकतो. भिंतीवर सावली म्हणून नव्हती. दौलतची छाती फुगली.

मठात आजारी माणसाला पडायला आडोसा हवा होता. एका भक्तानं जिप्सम बोर्डाचे उरलेसुरले तुकडे पाठवून दिले होते. दौलत त्या कामातला कसबी. त्यानं आधी पत्र्याचे चॅनल खांबांसारखे उभे केले, त्यांच्यावर बोर्डाचे तुकडे स्क्रूनं आवळले, मग एकेका स्क्रूच्या डोक्यावर पुट्टी भरली. पहिला हात दाबून, दुसरा जरा पसरट, शेवटचा दुधावरच्या सायीसारखा. प्रत्येक हात वाळू दिला, काचपेपरनं घासला. भिंत कशी, तर अंडं सोलून ठेवावं तशी.

“मग आता बोलायचं, बुवा?”

“कशाबद्दल रे?”

“तुम्हीच म्हणालात ना, भिंत झाली की बोलू. मला आता इथंच ठेवून घ्या. गळ्यात माळ घाला. घर सुटलं माझं.”

“आणि शिवराम?”

थोरल्या भावाचं नाव निघालं तसा दौलत हातातला पुट्टीचा पत्रा फडक्यानं पुसायला लागला. पत्रा आधीच लख्ख होता.

“त्याचं आता काही नाही मनात. चार माणसांत म्हणाला, दौलतचं काम वरवरचं. म्हणू दे. मी सगळं बुजवून टाकलं, बुवा. या भिंतीसारखं.”

“छान केलंस.”

तात्याबुवा कोपऱ्यातल्या घोंगडीवर बसले. जरा वेळ भिंतीकडे बघत राहिले.

“मग आपला पखवाज टांग हिच्यावर. आजारी माणूस पडल्या पडल्या बघेल तरी. ही खुंटी घे, इथं बसव.”

“तिथं नाही चालायची. मागं पोकळ आहे. पखवाजासकट खुंटी खाली येईल. खुंटी चॅनलवरच बसवावी लागते.”

“मग चॅनलवर बसव.”

दौलत खुंटी घेऊन उठला. भिंतीपुढं गेला. आणि उभाच राहिला.

चॅनल कुठं होते?

त्यानं बोटानं वाजवून पाहिलं. एका जागी भरीव वाटलं, म्हणून पुन्हा वाजवलं, तर पोकळ. अंतर मोजावं, तर तुकडे लहानमोठे. चॅनलही जसे जमले तसे उभे केलेले. इकडून तिकडे नुसती पांढरी, गुळगुळीत भिंत...

“खूण केली नव्हतीस?”

“नाही.”

“का रे?”

खूण करायची ती शिवरामची रीत. पुट्टीचा डबा उघडायच्या आधी तो वाकून प्रत्येक चॅनलच्या पायाशी जमिनीवर पेन्सिलीची रेघ ओढायचा. दौलतनं आजवर कधी चुकवली नव्हती. या भिंतीला मात्र त्यानं मुद्दाम रेघ ओढली नाही.

“गरज वाटली नाही,” तो म्हणाला.

“बरं. स्क्रू सापडले तर चॅनल सापडेल ना?”

“सापडेल. स्क्रू चॅनलमध्येच असतात.”

“मग स्क्रू दाखव.”

“अहो बुवा! मघाशी दिसत नाहीत म्हणून शाबासकी दिलीत, आता दाखव म्हणता. खरवडून काढू का सगळं?”

“नको रे. एवढी देखणी भिंत.”

“मग स्क्रू दिसायला हवेत की नकोत?”

“नकोत.”

“मग दाखवू कसे?”

तात्याबुवांनी घोंगडीवरची पुट्टीची धूळ झटकली.

दौलतला कळेना. थट्टा चाललीय म्हणावं, तर म्हातारा हसत नव्हता. परीक्षा म्हणावी, तर प्रश्नच धड हाती लागत नव्हता.

थोड्या वेळानं तात्याबुवांनी कोपरीच्या खिशातून एक पुरचुंडी काढली. आत लोहचुंबक होतं. जुन्या स्पीकरमधलं, काळं, एका कडेला टवका उडालेलं.

दौलतनं ते टवक्यावरून ओळखलं.

“हे... तुमच्याकडं कसं?”

“शिवराम येऊन गेला. तू गोठ्यात लपून बसलास ना, त्या दिवशी. म्हणाला, दौलतनं भिंतीचं काम काढलंय असं ऐकलं. रागात आहे, खूण करायचा नाही. त्याला लागेल हे.”

“आणि काय म्हणाला?”

“चहा बरा झालाय म्हणाला.”

दौलतनं चुंबक घेतलं. भिंतीवर टेकवलं आणि हलकेच सरकवत नेलं. सरकलं... सरकलं... सरकलं...

टक.

हात काढला तरी ते तिथंच राहिलं. कोऱ्या भिंतीवर, कशाचाही आधार दिसत नसताना.

दौलत किती तरी वेळ त्याच्याकडे बघत होता. मग त्याला आपलं मागणं आठवलं.

“सापडला चॅनल. पण बुवा, माझं काय ते सांगा ना. ठेवून घेताय ना मला?”

तात्याबुवा गुडघ्यावर हात देऊन उठले. भिंतीवरचं चुंबक त्यांनी ओढून काढलं. जरा जोरच लावावा लागला. आणि ते दौलतच्या छातीवर, बनियनवर टेकवून धरलं.

“हे काय, बुवा?”

“भावाला हाक मार.”

“तो इथं कुठं आहे?”

“नसू दे. तू मार.”

दौलत हसला. त्यात काय एवढं! त्यानं तोंड उघडलं.

“दा...”

पुढचं अक्षर निघेना.

“टक,” तात्याबुवा हळूच म्हणाले. “तुझ्या माळेची खुंटी इथं बसेल.”