काजळी, ढाण्या आणि हवेतला सागरगोटा

एका राज्यात घर बांधून झाले की माणसे आधी आत जात नसत. आधी मांजर उंबरा ओलांडून आत जाई. मग कुत्रा दाराशी बसे. दोघांना दूधभात वाढला जाई, आणि त्यानंतर घरधनीण उजवे पाऊल आत टाकी. असे का, हे कोणाला सांगता येत नसे. चालत आले होते, म्हणून चालत होते.

त्या राज्याचा राजा दुर्गसेन शूर होता, पण हेकट होता. त्याचा ढाण्या नावाचा कुत्रा लढाईत त्याच्या घोड्यापुढे धावे. राणी चित्रावतीची काजळी नावाची मांजर होती. ती मनात आले तर मांडीवर येई, नाही तर चुलीपाशी डोळे मिटून बसे. या दोघांवरून राजाराणीचा रोज वाद होई.

"मांजर म्हणजे फुकटचा पाहुणा," राजा म्हणे. "खाते आपले आणि ओळख दाखवते चुलीला."

"आणि तुमचा ढाण्या?" राणी म्हणे. "तुम्ही शिंकलात तरी शेपूट हलवतो. असे दरबारात कमी आहेत का?"

ती थट्टाच होती. पण थट्टेचा हट्ट झाला, आणि तिथून पुढचे सगळे झाले.

राजाने नवा राजवाडा बांधायला काढला. दगडासाठी गावाबाहेरच्या पांढऱ्या माळावर खाण खणली. खाणीत तांब्याचा हंडा निघाला आणि हंड्यात सोन्याची एकच लगड निघाली. म्हातारा पाथरवट हात जोडून म्हणाला, "महाराज, हा माळ भरदुपाऱ्याचा, ऐन दुपारी हिंडणाऱ्या भुताचा. त्याचे त्याला राहू द्या."

राजाने ऐकले नाही. लगड आटवून त्याने ढाण्याच्या गळ्यात सोन्याचा पट्टा घातला. आणि गृहप्रवेशाच्या दिवशी सर्वांदेखत म्हणाला, "या राजवाड्यात मांजर शिरणार नाही. दाराशी ढाण्या आहे, तेवढे पुरे."

काजळी जुन्या राजवाड्याच्या मुदपाकखान्यात राहिली. दूधभाताची एकच वाटी मांडली गेली. राणी उंबऱ्यापाशी थबकली, मग आत गेली.

आठव्या दिवशी, ऐन दुपारी, राजकन्या केतकी चौकात सागरगोटे खेळत होती. नऊ वर्षांची पोर. चार गोटे जमिनीवर, पाचवा वर उडवलेला. सूर्य डोक्यावर आला. प्रत्येकाची सावली पायाखाली शिरली. पाखरे गप्प झाली, रहाट थांबला, पाण्याचा थेंब पडायचा राहिला. ढाण्या दारातून ताडकन उठला. त्याने भुंकायला तोंड उघडले, पण आवाज फुटला नाही.

कोणीतरी आत आले. पाय नव्हते, म्हणून पाऊल वाजले नाही.

रहाट पुन्हा कुरकुरला तेव्हा चौकात केतकी नव्हती. चार सागरगोटे जमिनीवर होते. पाचवा हवेतच थांबला होता, माणसाच्या कपाळाइतका उंच, कशाच्याही आधाराविना.

राणीने टाहो फोडला. राजाने ढाण्यावर चाबूक उगारला. "बेइमान! दाराशी बसून पाहत राहिलास?" ढाण्या मान खाली घालून उभा राहिला. तोही पळाला नाही आणि चाबूकही खाली आला नाही.

तेवढ्यात चौकाच्या भिंतीवर एक भारद्वाज पक्षी येऊन बसला. त्याचे डोळे गुंजेसारखे लाल होते.

"राजा, मी एकदाच बोलतो," भारद्वाज म्हणाला. "पोरीला भरदुपाऱ्याने नेले. हा गोटा रोज दुपारी खाली उतरेल. आजपासून तिसऱ्या दुपारी तो जमिनीला टेकला की पोर परतायची नाही. पांढऱ्या माळावर जा आणि तीन गोष्टी करा. जिथे पाऊल उमटत नाही तिथे तिचा माग काढा. जी हातात येत नाही ती तिची सावली धरा. आणि त्याचे असेल तेवढेच त्याला द्या, त्याचे नसेल ते काही देऊ नका."

"मी निघतो," राजा म्हणाला.

"ज्याने सोने उचलले त्याचे पाय त्या माळावर चालत नाहीत. तू इथे बस. गोट्याला हात लावू नकोस."

एवढे बोलून पक्षी उडून गेला.

राणी धावत जुन्या राजवाड्यात गेली. माग काढायला ढाण्या होता. पण वाऱ्यासारखी सावली कोण धरील? धरली तर चपळ काजळीच. तिने काजळीला हाका मारल्या. लाडाने मारल्या, रडून मारल्या, शेवटी रागावून मारल्या. काजळी फळीवर बसून खाली पाहत राहिली. दुसरी दुपार झाली. दासी धापा टाकीत आली. "राणीसाहेब, गोटा कमरेपर्यंत उतरला."

तुळसाबाई नावाची जुनी स्वयंपाकीण सारे पाहत होती. ती म्हणाली, "बाईसाहेब, मांजराला हाक मारायची नसते. चूल पेटवायची असते. आठ दिवस ही चूल थंड पडली आहे. तिला घरातून काढले, ते ती विसरलेली नाही."

राणीने स्वतः गोवऱ्या रचल्या. धुराने डोळे चुरचुरले तरी फुंकर घालीत राहिली. विस्तव झाला, दूध तापले. ती पाठ फिरवून बसली आणि वाट पाहू लागली. ते वाट पाहणे फार कठीण होते. आणि मग तिच्या पदरावर एक ऊबदार वजन येऊन टेकले.

तिसऱ्या दिवशी सूर्य चढू लागला, तेव्हा राणी पांढऱ्या माळावर उभी होती. पुढे ढाण्या, काखेत काजळी. काजळी ढाण्याकडे बघून फिस्कारली. ढाण्याने मान वळवली.

त्या माळावर गवत नव्हते, झुडूप नव्हते, पाऊल टाकले तरी उमटत नव्हते. माणसाचा आवाज तिथे कुजबुजीएवढाच उरे. राणीने ढाण्याच्या नाकाशी केतकीचे परकर-पोलके धरले. "शोध, बाळा," ती म्हणाली. त्याला बाळा म्हणण्याची तिची ही पहिलीच वेळ. ढाण्या जमिनीला नाक लावून निघाला. जमीन तव्यासारखी तापली होती. त्याचे तळपाय सोलवटले, रक्ताचे ठिपके पडले. मागे वळून पाहताना राणीला दिसले की माळावर उमटलेली खूण काय ती तेवढीच.

माळाच्या मध्यावर भरदुपाऱ्या बसला होता. राखेसारखा पांढरा, ताडासारखा उंच, आणि त्याला सावली नव्हती. तो सावल्यांच्या घड्या घालीत होता. शेजारी घड्यांची चळत होती. गुराख्याची सावली, गाभण गाईची सावली, मुंडावळ्यांसकट नवरीची सावली. आणि पलीकडे केतकी बसली होती. तिच्या अंगातून पलीकडचे ऊन दिसत होते. तिची सावली तिच्यापासून सुटून वाऱ्यावर फडफडत होती.

"केतकी!" राणी ओरडली. कुजबुजच बाहेर पडली. पोरीने ओळख दाखवली नाही.

राणीने सावली धरायला झेप घेतली. बोटांतून पाण्यासारखी निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. भरदुपाऱ्याने पांढरा हात लांबवला आणि सावलीचे टोक पकडून घडी घालायला घेतली.

काजळी राणीच्या काखेतून उतरली. संथ चालत गेली. सावलीच्या मधोमध तिने एक गोल फेरी मारली, पाय दुमडले आणि बसली.

"ऊठ," भरदुपाऱ्या म्हणाला.

काजळीने पंजा चाटला.

त्याने सावली ओढली. सावली ताणली गेली, पण निघेना. मांजराने आजवर कोणाची आज्ञा पाळली नव्हती. त्याची तरी का पाळील?

मग भरदुपाऱ्या राणीकडे वळला आणि केतकीच्या आवाजात बोलला. "आईसाहेब, तुमच्या घरी रोज एक वाद चालतो. आज निकाल करा. कुत्रा चांगला की मांजर? चांगले असेल ते घेऊन जा. दुसरे माझ्यापाशी ठेवा. पोर मी सोडतो."

वर्षानुवर्षे राणीच्या ओठांवर उत्तर तयार होते. तिने ढाण्याकडे पाहिले. तो तीन पायांवर उभा होता, चौथा टेकवत नव्हता, तरी तो केतकी आणि त्या पांढऱ्या हाताच्या मध्ये येऊन उभा राहिला होता. ओठांवरचे उत्तर ओठांवरच सुकले.

"लवकर," केतकीचा आवाज म्हणाला. "सूर्य आला डोक्यावर."

ढाण्या भुंकायला तोंड उघडत होता, पुन्हा पुन्हा, आणि आवाज येत नव्हता. त्याच्या गळ्यातला पट्टा निखाऱ्यासारखा तळपत होता. राणी पाहत राहिली. मग तिला उमगले. दाराशी बसून तो पाहत राहिला नव्हता. त्याचा गळा आम्हीच बांधला होता, आणि बांधला होता याच्याच सोन्याने.

"या दोघांतले तुझे कोणीच नाही," राणी म्हणाली. "तुझे आमच्यापाशी आहे ते एवढेच."

तिने पट्ट्याला हात घातला. बोटे भाजली. तिने सोडला नाही. फासा निघाला, आणि पट्टा तिने भरदुपाऱ्याच्या पुढ्यात फेकला.

ढाण्या भुंकला.

दहा दिवसांचे कोंडलेले भुंकणे होते ते. माळ हादरला. भरदुपारची शांतता हाच भरदुपाऱ्याचा प्राण होता, आणि ती शांतता मडक्यासारखी फुटली. त्याला तडे गेले, तो राखेसारखा विस्कटला आणि आपल्या सोन्यासकट खाणीच्या खड्ड्यात ढासळला. घड्या घातलेल्या सावल्या उलगडल्या आणि आपापल्या गावांकडे धावत सुटल्या. काजळी उठली, तिने अंग ताणले. केतकीची सावली सरकत जाऊन तिच्या पायाला चिकटली.

"आईसाहेब," केतकी म्हणाली, "तुमच्या हाताला काय झाले?"

राणीने तिला उचलले आणि धावत सुटली.

चौकात राजा दुर्गसेन पालथा पडला होता. गाल जमिनीला लावून तो गोट्याखालची फट पाहत होता. बोटाएवढी होती, नखाएवढी झाली, आता केसाएवढी उरली होती. त्याचे ओठ पुटपुटत होते, हात पाठीमागे घट्ट बांधलेले होते. ते त्याने दासीकडून स्वतःच बांधून घेतले होते.

केतकी धावत आली आणि तिने तळहात गोट्याखाली सरकवला. सागरगोटा टपकन हातात पडला.

"पाचवा झेलला!" ती म्हणाली. "बाबासाहेब, तुम्ही असे का झोपला आहात?"

राजा उठला. दासीने त्याचे हात सोडले. तो ढाण्यापाशी गेला, त्याचे सोलवटलेले पाय मांडीवर घेतले आणि त्यांना लोणी लावले. मग नव्या राजवाड्याच्या मुदपाकखान्यात गेला आणि नवी चूल त्याने स्वतः पेटवली. राज्याचा राजा, पण फुंकर घालता येईना. नाकाडोळ्यांत धूर गेला. तुळसाबाई दारातून म्हणाली, "महाराज, हाक मारू नका हो."

"नाही मारत," राजा म्हणाला.

काजळी आली, पण तिन्हीसांज झाल्यावर, तिला वाटले तेव्हा. ती उंबरा ओलांडून आत गेली. ढाण्या मोकळ्या गळ्याने दाराशी बसला. दूधभाताच्या दोन वाट्या मांडल्या गेल्या. राणीने फडके गुंडाळलेल्या हातांनी केतकीला धरले आणि उजवे पाऊल आत टाकले. दुसऱ्या दिवशी खाण बुजवली, आणि त्या माळावर पुन्हा गवत उगवले.

कुत्रा चांगला की मांजर, हा वाद त्या राज्यात अजून चालतो. पण भरदुपारी कुत्रा उगाच भुंकू लागला, किंवा मांजर रिकाम्या कोपऱ्याकडे टक लावून बसली, तर तिथे त्यांना कोणी रागे भरत नाही. लेकरांना जवळ घेतात आणि गप्प बसून राहतात, सावल्या पुन्हा लांबेपर्यंत.

त्यांची लेकरे जशी राखली गेली, तशी तुमचीआमचीही राखली जावोत.