राखीव कॉम्प्युटरचा तोरा

यंत्रं अजून आपसांत आणि माणसांशी बोलत असत, त्या काळची गोष्ट. आमच्या समोरच्या दवाखान्यात दोन कॉम्प्युटर होते. थोरला रात्रंदिवस चाले. कोणत्या खाटेवर कोण, कुणाला कुठलं औषध, सगळं त्याच्याकडे. तो बंद पडलाच तर काम अडू नये, म्हणून धाकटा आणलेला. तो नुसता टेबल अडवून बसे.

थोरला म्हणे, "अरे, आठवड्यातून तासभर तरी माझं काम करून बघ. नवी नावं उतरवून घे."

"रोजची हमाली तुझी," धाकटा नाक मुरडी. "मी आणीबाणीचा माणूस. उगाच झिजू कशाला?"

एका दुपारी थोरला बंद पडला. चौथ्या खाटेवर भिकोबा आजोबा दम्याने घुसमटत होते. कुमुद सिस्टर धाकट्याकडे धावल्या. "लवकर सांग बाबा, यांना कुठलं इंजेक्शन सोसत नाही?"

धाकटा ऐटीत म्हणाला, "चौथी खाट. बाळंतीण. मुलगा झालाय, उद्या घरी सोडा."

"मेल्या, ती गेल्या दिवाळीत घरी गेली!"

शेवटी आजोबांनीच धापा टाकत न सोसणाऱ्या इंजेक्शनचं नाव सांगितलं, म्हणून वाचले.

संध्याकाळी थोरला दुरुस्त झाला, तर धाकटा त्याच्यावरच खेकसला, "बंद पडणार होतास, तर आदल्या दिवशी सांगायला काय झालं होतं रे?"