चिखलाची साय

त्या दिवशी आभाळ भरलेलं होतं, पण पाऊस नव्हता. वाराही पडलेला. ओहोटी लागली होती आणि खाडी ताटात ओतलेल्या पेजेसारखी निवांत होती.

"मग आज खाजण उघडायचं ना, मावशी?"

शर्मिलानं होडीत बसल्याबसल्याच विचारलं. होडी माझी. मधल्या फळीवर येसू, आमची शेजारीण. सारा गाव तिला मावशी म्हणतो.

येसूनं मांडीवरची करवंटी नुसती फिरवली.

आमच्याकडे रीत अशी आहे की, खाजणातला, म्हणजे खाडीकाठच्या सखल पट्ट्यातला, चिखल ज्याला कळतो तो 'उघडा' म्हणेपर्यंत कुठली बाई तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला टोपली घेऊन उतरत नाही. नारळाची एक जुनी, झिजून काळी झालेली करवंटी असते. ती ज्याच्या हातात, त्याचा शब्द. गेली तीस वर्षं ती येसूच्या हातात.

चार वर्षांमागे वरच्या अंगाच्या रंगाच्या कारखान्याचं पाणी खाडीत आलं. तिसऱ्या मेल्या. चिखल वरपर्यंत काळा झाला, कुजक्या अंड्यांचा वास सुटला. येसूनं खाजण बंद केलं ते केलंच. पुढं कारखान्याचा नळ बंद झाला, तरी तिनं उघडलं नाही. चाळीस घरच्या बायका दुसऱ्यांच्या आंब्यांच्या पेट्या भरायला जाऊ लागल्या.

शर्मिला गावातली पदवी घेतलेली सून. तीन वर्षं येसूच्या मागं मागं फिरून शिकत होती. आज खाजण उघडेल आणि करवंटी आपल्या हातात येईल, असं तिनं गृहीत धरलेलं.

"पाणी तपासलंय मी," ती म्हणाली. "तीनदा. अगदी स्वच्छ आहे."

"पाणी पाहुणं गो. भरतीला येतं, ओहोटीला जातं. घरच्यांना विचारलंस?"

"घरचे कोण?"

येसूनं चिखलाकडं बोट केलं.

शर्मिला हसली. "सूक्ष्मजीव! चिमूटभर चिखलात कोट्यवधी असतात, मावशी. पण डोळ्यांनी दिसत नाहीत ते."

"मला दिसतात."

"चष्म्याशिवाय?"

"एकटा नाही दिसत. गाव दिसतो."

शर्मिलानं माझ्याकडं बघून डोळा मिचकावला. मी वल्हं मारत राहिलो.

कांदळाच्या झाडीचं वळण ओलांडलं आणि खाजण समोर आलं. मी वल्हं थांबवलं. चिखल एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सारवल्यासारखा गुळगुळीत. काळा. चकचकीत.

"तुम्हाला सांगणारच नव्हते," शर्मिला म्हणाली. "परवापासून आम्ही पाचजणी फावडी घेऊन लागलोय. वर तो तपकिरी, बुळबुळीत थर बसला होता ना, कारखान्याचा? सगळा खरवडून काढला. साठ टोपल्या निघाल्या! म्हटलं, मावशी येतील तेव्हा लख्ख दिसलं पाहिजे."

...

तो थर कारखान्याचा नव्हता, मला ठाऊक होतं. चार वर्षं दर अमावास्येला मीच येसूला एकटीला इथं आणत होतो. पहिल्या वर्षी काळ्यावर नुसती पांढरी बुरशी. दुसऱ्या वर्षी नखाएवढा तपकिरी डाग. तो बघून ती होडीत लहान पोरीसारखी टाळ्या पिटत बसली होती. त्यानंतर तिनं तिथं कधी पाय ठेवला नाही. "होडी लांब धर, भाऊ, साय मोडेल," म्हणायची.

मी तोंड उघडलं. येसूनं हात वर केला. मी तोंड मिटलं.

ती हळूच उतरली. पायाचा अंगठा चिखलात रोवला. बुडबुडे आले, मागोमाग वास. शर्मिलानं पदर नाकाला लावला.

येसू कांदळाच्या मुळांवर पाय देत आत गेली. तिथं फावडं पोचलं नव्हतं. करवंटीनं तिनं चिखलाचा एक काप काढला.

"ये. हात पुढं कर."

शर्मिला उतरली, चालत गेली. येसूनं काप तिच्या तळहातावर ठेवला.

"बघ."

खाली सगळं काळं. वर दुधावरच्या सायीएवढा पातळ तपकिरी थर. त्यातून सुईच्या टोकाएवढी भोकं खाली उतरलेली, आणि एकेका भोकाभोवती काळ्यातसुद्धा तपकिरी कड. एवढ्याशा किड्यांनी तिथवर हवा नेलेली.

"वास घे."

शर्मिलानं पदर सोडला. वास नव्हता. ओल्या मडक्याला येतो, तेवढाच.

तिनं काप डोळ्यांजवळ नेला.

"मावशी, हे तर... यांचंच चित्र पुस्तकात होतं. परीक्षेत पंधरा गुणांना आलं होतं."

"किती मिळाले?"

"पंधरा."

येसू हसली नाही. रागावलीही नाही.

शर्मिलानं वळायला पाय उचलला. खाली बघितलं. आपलीच पावलं त्या कांदळाच्या सायीवर उमटलेली. पाय तसाच वर राहिला. साय न मोडता ठेवायचा कुठं, ते तिला कळेना. हातात काप, एका पायावर उभी. डोळ्यांतून पाणी.

"पुन्हा बसायला किती दिवस लागतील?"

"मागच्या खेपेला चार वर्षं लागली."

"बायकांना काय सांगू मी? चाळीस घरं टोपल्या धुऊन बसलीत, मावशी."

"खाजण बंद आहे, सांग."

"कोण म्हणालं, म्हणून विचारतील."

येसूनं तिच्या हातातला काप घेतला आणि उघड्या काळ्या चिखलावर अलगद ठेवला, विरजण लावावं तसा. मग रिकाम्या झालेल्या त्या हातात करवंटी दिली.

"ही दाखव."

मी होडी पार जवळ नेली. दोघी चढल्या, मी वल्हं मारलं. धक्का आला. शर्मिला करवंटी पोटाशी धरून, वाट बघणाऱ्या बायकांकडं हळूहळू चढत गेली.

आम्ही दोघं घराकडं निघालो. मला राहवेना.

"येसू, साठ टोपल्या साय फेकली तिनं. आणि करवंटी आजच दिलीस?"

ती आपल्या अंगणात शिरायच्या कुडाच्या बेड्यापाशी थांबली. पायाचा चिखल पुसला नाही.

"धर्माभाऊ, तिचा एक पाय वर होता."