चौथी यादी

"...मग खेळाडू निवडायचे कुणी, वस्ताद? ज्याला खेळ कळतो त्यानं, का ज्याची गाडी मोठी त्यानं?"

दस्तगीर वस्तादांनी मान वर केली नाही. गोलची फाटकी जाळी मांडीवर पसरून ते खाटेवर गाठी मारत बसले होते.

इंद्रजित सासने समोर उभा होता. बस म्हणून कुणी म्हटलं नव्हतं, आणि वस्तादांसमोर न सांगता बसायची त्याची छाती नव्हती. बाकी सगळीकडे होती.

कोल्हापुरात पेठेची तालीम म्हणजे नुसता कुस्तीचा आखाडा नव्हे. खाली लाल माती, वर वस्तादांची खोली आणि भिंतीवर फुटबॉलच्या टीमचे फोटो. टीम जिंकली की पेठेत गुलाल, हरली की दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही. वाघजाई तालमीची पेठ गेली दोन वर्षं जवळजवळ मुकीच होती. मागच्या हंगामात टीम शेवटून दुसरी आली, एका गोलच्या फरकानं वरच्या गटात तगली. यंदा बुडणार, असं चहाच्या गाड्यावरचा पोऱ्यासुद्धा सांगत होता.

आणि अशा वेळी कारभारी किती? तीन.

अध्यक्ष धनवडे म्हणत, खेळाडू मी आणतो, गोव्याचे तीन आणि आफ्रिकेचा एक. कार्यकर्ते म्हणत, बाहेरचा एक नको, पोरगं पेठेतलंच पाहिजे. इंद्रजित प्रशिक्षक. तो म्हणे, खेळवायचं मला, शिव्या खायच्या मला, तर निवडणारही मीच.

संध्याकाळी पाचला नोंदणीची मुदत संपत होती. चारला तालमीत बैठक होती. महिनाभर भांडून थकल्यावर सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं, की वस्ताद सांगतील तसं करायचं.

म्हणून इंद्रजित सकाळीच आला होता. बैठकीआधी. आपण वस्तादांचे लाडके आहोत, ही गोष्ट त्यानं स्वतःला कधीच विसरू दिली नव्हती.

"बोला की वस्ताद."

"तू काय म्हणतोस?"

"अधिकार माझ्या हातात पायजे. सगळा. कुणाला घ्यायचं, कुणाला न्हाई, मी ठरवणार. न्हाईतर..."

त्यानं खिशातून दोन कागद काढले. एक खेळाडूंची यादी, दुसरा राजीनामा. दोन्ही वस्तादांच्या पुढ्यात ठेवले.

वस्तादांनी राजीनाम्याकडे बघितलंही नाही. यादी उचलली, डोळ्यांजवळ नेली, खाली ठेवली. मग उशीखालून आणखी दोन कागद काढून तिच्या शेजारी ठेवले.

"परवा कार्यकर्ते आलते. काल धनवडे आलते. तू तिसरा."

इंद्रजितचं तोंड उतरलं. म्हणजे लाडके आपण एकटेच नव्हतो.

"मग... कुणाची यादी बरोबर हाय?"

"तिन्ही."

"तिन्ही कशा बरोबर असतील?"

"धनवड्यांची पोरं पळतील. कार्यकर्त्यांची पोरं मार खाऊनबी मैदान सोडणार न्हाईत. तुझी पोरं डोकं वापरतील." वस्तादांनी एक गाठ दातानं आवळली. "बस आता."

इंद्रजित बसला.

"आता चौथी यादी दे."

"चौथी कसली?"

"जाणाऱ्यांची."

इंद्रजितनं पुन्हा खाली बघितलं. तिन्ही कागदांवर येणाऱ्यांची नावं होती. कोण जाणार, हे तिन्हीत कुठंच नव्हतं. यायचं म्हटलं की वरात, जायचं म्हटलं की कुणाच्या लक्षातच येत नाही.

"लिही," वस्ताद म्हणाले. "अधिकार तुझा हाय, असं धर. घे. दिला मी तुला. लिही आता."

इतक्या सहज मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं. पेन काढून तो राजीनाम्याच्याच पाठीवर लिहायला लागला. पाच नावं भराभर लिहिली. सहाव्याला पेन अडलं.

"कोण?"

"...सुयश."

सुयश हारुगले. डाव्या बाजूचा बचावपटू. बारा वर्षं वाघजाईला खेळला, त्यातली चार कप्तान म्हणून. एकदा भुवई फुटली तर पट्टी बांधून उरलेली पाऊण मॅच खेळला होता. पेठेतली लहान पोरं अजून त्याच्यासारखे मोजे घोट्यावर पाडून खेळतात.

"पाय राह्यले न्हाईत त्याचे," इंद्रजित म्हणाला. "बत्तीस झाली. समोरचा पोरगा दोन ढांगांत त्याला मागं टाकतो. दया दाखवली तर टीम बुडेल."

"बरोबर हाय," वस्ताद म्हणाले. "मीबी काढला असता."

इंद्रजितला बरं वाटलं. खरं सांगायचं तर फारच बरं वाटलं. त्यानं ठसठशीत अक्षरात नाव लिहिलं.

"त्याला सांगितलंस?"

"संध्याकाळी ग्रुपवर यादी पडंल की. कळंल त्याला."

"ग्रुपवर..."

वस्तादांचे हात थांबले. खाली आखाड्यात कुणीतरी माती उकरत होतं. फावड्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"आपल्या तालमीत एक रीत होती," ते म्हणाले. "ठाऊक हाय तुला?"

ठाऊक कशी नसेल? रीत अशी होती, की ज्यानं पोराला टीममधून काढायचं ठरवलं, त्यानंच त्या पोराच्या घरी जायचं. दिवसाउजेडी. त्याच्या आईबापासमोर बसायचं, घरातला चहा घ्यायचा आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं. चिठ्ठी नाही, निरोप नाही. शिव्या मिळाल्या तर ऐकून घ्यायच्या, आणि निघताना पोराच्या पाठीवर हात ठेवायचा. नारळ द्यायचाच असेल तर तो हातात द्यावा, लांबून फेकून मारू नये, असं जुनी माणसं म्हणत.

इंद्रजितचा चेहरा एकदम बदलला. इतका वेळ जपून चाललेला आवाज चढला.

"मला नका सांगू रीत! माझ्या घरी कोण आलतं?"

वस्तादांनी जाळीचा सुटा दोरा बोटाला गुंडाळला.

"बावीस वर्षांचा होतो मी. आईनं नवी जर्सी दोनदा धुऊन ठेवली होती, रंग जातो का बघायला. आणि मी इथं आलो, तर खाली फळ्यावर यादी. एकवीस नावं. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. मला वाटलं, लिहिताना राह्यलं असंल..." त्यानं भिंतीवरच्या फोटोंकडे बघितलं. "पोरं माझ्याकडं बघत होती, वस्ताद. घरी जाऊन आईला मीच सांगितलं. ती म्हणाली, कुणी सांगायलाबी आलं न्हाई व्हय रं?"

इंद्रजितनं जिन्याकडे बोट केलं.

"अण्णा निंबाळकरांचं अक्षर होतं फळ्यावर. आयुष्यात बॉलला पाय लावला नव्हता त्या माणसानं. अध्यक्ष झाला, खडू हातात आला, लिहून टाकलं! त्या दिवशी ठरवलं मी. खेळ शिकीन, परीक्षा देईन, प्रशिक्षक होईन. आणि खेळ न कळणाऱ्या माणसाच्या हातात पुन्हा खडू जाऊ देणार न्हाई. अठरा वर्षं झाली. अण्णा वारले तवा मी मातीलासुद्धा गेलो न्हाई."

तो बोलायचा थांबला. डोळे भरले होते आणि त्याची त्याला लाज वाटत होती. चाळिशीचा बाप्या, दोन पोरांचा बाप, आणि फळ्यावरच्या यादीसाठी रडतोय.

वस्तादांनी मांडीवरची जाळी बाजूला केली.

"अण्णानं न्हाई काढलं तुला."

"अक्षर त्यांचंच होतं. मी वळखतो."

"अक्षर त्याचं," वस्ताद म्हणाले. "नाव गाळलं ते मी."

खाली फावडं थांबलं. किंवा थांबलं नसेल. इंद्रजितला मात्र मग ते ऐकू आलं नाही.

"...तुम्ही?"

"मी."

"का?"

"तू मागं यायचा न्हाईस. बॉल गेला की कमरेवर हात देऊन उभा राह्यचास. लई गुणी होतास. पण तुझ्या मागं जी जागा मोकळी पडायची ती दुसऱ्यानं किती धावून भरायची? काढणं बरोबर होतं. आजबी काढीन."

"मग आला का न्हाईत घरी?"

वस्तादांनी खिडकीकडे बघितलं. आवाज बारीक झाला होता. ज्या आवाजानं मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाच्या बचावपटूला जागेवर आणलं, तो हाच, असं कुणाला सांगूनही पटलं नसतं.

"आलतो. तुमच्या बोळाच्या तोंडापर्यंत आलतो. तुझी आई जर्सी वाळत घालत होती. झटकत होती, सुरकुती काढत होती, पुन्हा झटकत होती... मी बघितलं आणि माघारी फिरलो. अण्णाला म्हटलं, तुम्ही फळ्यावर लिहा. तो बिचारा म्हणाला, वस्ताद, तुम्ही जाऊन या. मी म्हटलं, लिहा."

"आणि अण्णा..."

"कधी बोलला न्हाई. तू रस्त्यात त्याला बघून थुंकायचास, तरी बोलला न्हाई."

इंद्रजित उठला. जिन्याशी गेला. दोन पायऱ्या उतरला आणि कठडा धरून उभा राहिला.

काय काय आठवलं त्याला. अण्णांचा मुलगा लग्नाची पत्रिका घेऊन आला होता, त्याला दारातूनच परत लावलं होतं. प्रत्येक परीक्षेच्या आदल्या दिवशी अण्णांचा चेहरा डोळ्यांपुढे आणून अभ्यास केला होता. अठरा वर्षं मनातल्या मनात शिव्यांची पत्रं घातली आणि सगळी भलत्याच पत्त्यावर गेली. राग तर आला होता, पण कुणावर काढायचा? वरच्या खोलीत बसलेला म्हातारा तर कबूल करून मोकळा झाला होता. खालच्या मातीत डोकं घालावं असं त्याला वाटलं.

बऱ्याच वेळानं तो वर आला.

वस्ताद तसेच बसले होते. हात मोकळे होते आणि ते कुठं ठेवावेत हे त्यांना कळत नव्हतं. इंद्रजितनं त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

"तुम्हाला तर खेळ कळत होता, वस्ताद."

"लई कळत होता," वस्ताद म्हणाले.

इंद्रजितनं खाली वाकून चौथी यादी उचलली. एका बाजूला राजीनामा, दुसऱ्या बाजूला सहा नावं. घडी केली आणि वरच्या खिशात ठेवली.

"सुयशकडं मी जातो. आत्ताच जातो. बाकीच्या पाचांकडंबी."

वस्तादांनी मान हलवली.

"पण चारला बैठक हाय," इंद्रजित म्हणाला. आता आवाजात मागणं नव्हतं, खरंच विचारणं होतं. "धनवडे विचारतील, कार्यकर्ते विचारतील. अधिकार कुणाचा, म्हणून काय सांगू त्यांना?"

वस्तादांनी खाटेची कड धरली. एक पाय खाली सोडला. मग दुसरा, दोन्ही हातांनी उचलून. गुडघ्यांच्या दुखण्यानं गेल्या रमजानपासून ते तो जिना उतरले नव्हते. ईदची नमाजसुद्धा खोलीतच झाली होती.

"वस्ताद, कुठं निघालाय? पडाल की!"

"आधी चपला दे माझ्या. मग खांदा दे," दस्तगीर वस्ताद म्हणाले. "तुझ्या आईला सांगायचं राह्यलंय."