सायाळीच्या बिळाची पारख

त्या माळावर बिळे पुष्कळ होती, पण रिकामे असे एकही नव्हते. जुना रहिवासी निघाल्याशिवाय नव्याला जागा मिळत नसे, आणि पारख्याने होकार दिल्याशिवाय जुन्याला निघता येत नसे. बीळ खरोखर कोणाचे आहे, भिंतीपलीकडे कोण राहते, पाणी कुठून शिरते, कोणाचा जुना हक्क आहे, हे सारे पाहून पारखी एकच शब्द उच्चारत असे: निर्वेध. तो शब्द कानावर पडण्याआधी आत पाऊल टाकणाऱ्याला माळ चोर समजत असे.

भुरी नावाच्या कोल्हिणीला बीळ हवे होते. तिचे पोट जड झाले होते, आणि ती व तिचा नवरा कानट्या अजून करवंदीच्या जाळीत निजत होते. टेकाडाच्या उतारावर, चिंचेच्या मुळांपाशी सायाळ आजींचे बीळ होते. आजींना ओढ्यापलीकडे लेकीकडे राहायला जायचे होते. बीळ कोरडे होते, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस. भुरीने एकदा आत डोकावले आणि पिल्ले कुठल्या कोपऱ्यात निजतील ते तिथल्या तिथे ठरवून टाकले.

पारखी नीट बघून निवडा, असे आजींनी सांगितले. नीट म्हणजे काय बघून, ते त्यांनी सांगितले नाही, आणि भुरीनेही विचारले नाही.

कानट्याने तळ्याकाठचा थोरला बगळा ठरवला. माळावर त्याचे नाव मोठे होते, आणि कानट्याच्या थोरल्या भावाच्या बिळाची पारखही त्यानेच केली होती. बगळ्याने दोघांचे बोलणे डोळे मिटून ऐकले, होऊन जाईल म्हणाला, आणि त्यानंतर त्यांच्याशी कधी बोलला नाही. पुढच्या खेपेला त्याच्या हाताखालची एक ढोकरी, बुटकी मातकट बगळी, भेटली, त्यापुढच्या खेपेला दुसरी. पहिलीला बीळ टेकाडावरचे की ओढ्याकाठचे हेच ठाऊक नव्हते. दुसरीने भुरीकडे बघून विचारले, "बीळ देणारी तूच ना?"

किती दिवस लागतील, असे भुरीने विचारले की काम चालू आहे, असे उत्तर मिळे. काय काम चालू आहे, असे विचारले की ते बगळेसाहेबच सांगतील, असे उत्तर मिळे. बगळेसाहेब पाण्यात उभे असत. ते दिसत असत, हेच भुरीला सर्वांत जास्त सहन होत नसे.

बीळ देणाऱ्याचाही आपला एक पारखी असे. आजींचा पारखीही एक बगळाच होता, आणि तो त्याच काठावर उभा राही. दोघांना मान वळवून बोलता आले असते. पण तशी रीत नव्हती. एकाचा प्रश्न बेडकाने घ्यायचा, तळ्याला वळसा घालून दुसऱ्याकडे पोहोचवायचा. प्रश्न पोहोचत असे. मग दुसरा बगळा बेडकाला गिळून टाकत असे, आणि उत्तर घेऊन परतायला कोणी उरत नसे. भुरीने हे आपल्या डोळ्यांनी पाहिले. ढोकरीला सांगितले, तेव्हा ती म्हणाली की समोरच्या बाजूकडून उशीर होतो आहे.

अशात आजींचा निरोप आला. लेकीला बरे नव्हते, त्यांना लवकर निघायचे होते, आणि मुंगसाचे एक जोडपे बिळाभोवती घुटमळू लागले होते. आजींनी रागाने सांगितले नव्हते. त्या थकल्या होत्या.

"बगळ्याला सोडू या," भुरी म्हणाली.

कानट्याला ते पटेना. एवढ्या मोठ्या पारख्याला सोडले तर माळ काय म्हणेल, हे तो पुन्हा पुन्हा बोलू लागला.

"माळाला पिल्लं व्हायची नाहीयेत," भुरी म्हणाली. "मला व्हायची आहेत."

माळावर टिटवीही पारख करत असे, पण तिच्याकडे सहसा कोणी जात नसे. तिचा आवाज कानावर पडणे अशुभ मानत. शिवाय ती स्वतः उघड्यावर खड्यांत अंडी घालते, तिला बिळातले काय कळणार, असेही म्हणत. भुरी तिच्याकडे गेली तेव्हा टिटवीने लगेच होकार दिला नाही. तिनेच प्रश्न विचारले: पिल्ले कधी होणार, आजींना कधी निघायचे आहे, आतली मागची भिंत कोणी पाहिली आहे का. मग ती म्हणाली की काम ती स्वतः करील, दर संध्याकाळी जे कळले ते येऊन सांगेल, आणि काही कळले नसेल तर तेही सांगेल.

पहिल्या संध्याकाळी तिला काहीच कळले नव्हते, आणि तेच सांगायला ती आली. कानट्या वैतागला. भुरी मात्र त्या दिवशी बऱ्याच काळाने शांत झोपली.

दुसऱ्या संध्याकाळी टिटवी आली ती मातीने माखलेली. मागच्या भिंतीत एक फट होती, आणि फटीतून एक वाट जात होती. ती वाट धामिणीची होती. आजींच्या नवऱ्याने फार पूर्वी, एका पुराच्या वेळी, तिला बिळातून जायची मुभा दिली होती. तेव्हापासून ती तिथूनच टेकाडाच्या पोटातल्या आपल्या जागी जात होती.

भुरीचा संताप टिटवीवरच उसळला. एवढे दिवस वाट पाहिल्यावर हेच ऐकायचे होते का, असे ती म्हणाली. कानट्या पुटपुटला की हिच्या तोंडून दुसरे काय निघणार.

"मी सांगितलं नसतं तरी ती आलीच असती," टिटवी म्हणाली. "तुझी पिल्लं निजलेली असताना."



टिटवी आजींकडे गेली. आजी कावऱ्याबावऱ्या झाल्या. अगं, ती तर घरचीच, तिचे काय सांगायचे, असे त्यांना खरोखरच वाटत आले होते. मग टिटवी धामिणीकडे गेली, आणि या वेळी तिने भुरीलाही बरोबर नेले. भुरीचे केस ताठ उभे राहिले होते. धामण दगडावर ऊन खात पडली होती. तिने सगळे ऐकून घेतले.

"मला बीळ नको," ती म्हणाली. "मला वाट हवी. मला तसं कधी कोणी विचारलंच नाही."

मग काम चालू झाले, आणि ते दिसू लागले. चिंचेच्या मुळांच्या कडेने कानट्याने बाहेरून नवी वाट उकरली. पंजे सोलले तरी तो थांबला नाही, आणि माळ काय म्हणेल हे त्याने पुन्हा काढले नाही. धामण नव्या वाटेने जाऊन आली आणि पुरेशी आहे म्हणाली. आजींनी आतली फट दगडमातीने बुजवली, टिटवीने ती चोचीने ठोकून पाहिली, एके ठिकाणी पुन्हा बुजवायला लावली, आणि मग तो शब्द उच्चारला. तिच्या आवाजात तो कर्कशच वाटला. भुरी खाली बसली आणि बराच वेळ उठली नाही.

निघताना आजी, रिवाजाप्रमाणे, उलट्या पावलांनी बाहेर आल्या, मग वळल्या आणि काट्यांनी आपल्या पाऊलखुणा पुसत गेल्या. उतार संपल्यावर त्यांनी एकदाच मागे पाहिले.

पिल्ले चालू लागली त्या सुमारास टिटवी त्या बाजूने गेली. हाक न मारता ती बिळासमोर थांबली. धुळीत कानट्याची आणि भुरीची पावले होती. त्यांवरून वेड्यावाकड्या रांगेत इवल्या पंजांचे ठसे बाहेर आले होते, एकमेकांत मिसळले होते, पुन्हा आत गेले होते. आणि त्या साऱ्यांना बाजूला ठेवून, मुळांच्या कडेकडेने, एक लांब वळणदार रेघ टेकाडाकडे गेली होती. उंबऱ्याच्या अगदी जवळून गेली होती ती, पण त्याला कुठेही शिवली नव्हती.