धुरपदेचा दोर

नदीवर पूल व्हायच्या कितीतरी पिढ्या आधीची गोष्ट. सावरखडी गावाच्या कुसाबाहेर धुरपदा नावाची बाई दोर वळत असे. मोटेचा नाडा तिचा, बैलाचा कासरा तिचा, पाळण्याची दोरीसुद्धा तिचीच. तिनं पीळ दिलेला दोर माणूस म्हातारा झाला तरी तुटत नसे, असं म्हणतात.

घायपाताच्या पानांचे धागे, म्हणजे वाख, घेऊन कुणी दोर वळून घ्यायला आलं, की ती त्यातला एक हातभर दोर मागून घ्यायची आणि घरातल्या मोठ्या दोराला जोडायची. आज एक हात, परवा एक हात. अशी तीस वर्षं गेली. वेटोळ्यानं निम्मी झोपडी व्यापली आणि धुरपदा उरलेल्या निम्मीत पाय पोटाशी घेऊन झोपू लागली. लोकांना चेष्टेला आयताच विषय मिळाला. म्हातारी आभाळ खाली ओढणार आहे, असं ते म्हणत. पण हातभर दोर कुणी नाकारत नसे.

एकदा यात्रेच्या रथासाठी तो दोर न्यायला पाटील स्वतः आले. धुरपदा म्हणाली, "पाटील, यात्रा दर साली येती. तिच्यासाठी नवा वळून देते. ह्यो न सांगता येणाऱ्यासाठी हाय."

पाटील परत गेले. पण पुढच्या वर्षी तिचा एकुलता एक मुलगा शिदू तोच दोर मागू लागला. त्याचं लग्न ठरलं होतं आणि एक व्यापारी त्या दोराला बैलजोडी द्यायला तयार होता.

"लगीन बी सांगूनच येतं, लेकरा," धुरपदा म्हणाली.

"आये, तुला पोरापरीस दोर मोठा," असं म्हणून शिदू घर सोडून गेला. लग्न कसंबसं उरकलं. उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात तो कलिंगडं लावायचा आणि तिथंच खोपीत राहायचा. तीन वर्षं मायलेक बोलले नाहीत. धुरपदेच्या ते फार जिव्हारी लागलं. दोर देऊन टाकावा आणि पोराला घरी आणावं, असं तिला कितीदा वाटलं. पण त्यात साऱ्या गावाचा हातहातभर दोर होता.

मग एका चैत्रात, भर दुपारी, नदीला पूर आला. गावावर ढगाचा ठिपका नव्हता. पाऊस वर डोंगरात कोसळला होता. पात्रातली अकरा माणसं एका खडकावर अडकली. त्यांत शिदू होता आणि त्याची पोटुशी बायको होती.

कुणी मागायच्या आत धुरपदेनं दहा गडी लावून दोर काठावर आणला. एक टोक करंजाच्या झाडाला बांधलं, दुसरं एका पट्टीच्या पोहणाऱ्या कोळ्याच्या कमरेला. नदी जसजशी रुंदावली तसतसा दोरही वाढत गेला आणि वेटोळं काही संपेना, असं म्हणतात. कोळ्यानं ते टोक खडकाला बांधलं आणि दोर धरून एकेक माणूस काठाला लागलं. सगळ्यांत शेवटी शिदू आला. त्याचे पाय मातीला लागले आणि करंज मुळासकट उन्मळला, खडकावरची गाठ निसटली आणि झाड दोरासह वाहून गेलं.

सारं गाव हळहळलं. धुरपदा सुनेला आपलं कोरडं लुगडं देत एवढंच म्हणाली, "ज्याच्यासाठी वळला, त्याला लागला."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दार उघडलं तर समोर शिदू बसलेला. अंगावरच्या धोतराशिवाय त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. कुणाकडून तरी मूठभर वाख मागून आणून तो पीळ देत होता. हातभर दोर झाला, तेव्हा तो त्यानं आईच्या पायाशी ठेवला. धुरपदा तेव्हा मात्र पोटभर रडली.

ती कधी गेली, कुणालाच ठाऊक नाही. नवा दोर जोडता जोडता ती त्याच्या वेटोळ्यातच दिसेनाशी झाली, असं म्हणतात.

आता बाजारात नायलॉनचे दोर मिळतात. सावरखडीत दोराच्या जागी धुरपदेच्या नावाची पेटी आहे. घरटी महिन्याला थोडे पैसे तिच्यात पडतात. लग्नाला, यात्रेला त्यातलं काही मिळत नाही. छप्पर उडालं किंवा घरचं माणूस अचानक दवाखान्यात न्यावं लागलं, तरच ती उघडते. आणि रिकामी झाली की ती भरायला सुरुवात करायची, ती ज्याच्यावर प्रसंग आला त्यानंच. गेल्या साली हौसाबाईचं घर जळलं. दुसऱ्या दिवशी तिनं पेटीत एक रुपया टाकला आणि मागं वळून पाहिलं, तर सगळं गाव रांगेत उभं होतं.